इश्पेमिंगच्या स्कीज आणि आमच्या तालमीतल्या गदा

इश्पेमिंग हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं गाव नकाशावर शोधायचं तर लेक सुपिरिअर या मोठ्या सरोवराचा दक्षिण किनारा धरायचा. मी राहते ते मार्क्वेट त्याच किनाऱ्यावर आहे आणि तिथून इश्पेमिंग गाडीनं जेमतेम अर्ध्या तासावर. वस्ती सहा हजारांच्या आसपास. 1844 मध्ये शेजारच्या निगॉनीपाशी लोखंडाचं खनिज सापडलं, खाणी सुरू झाल्या आणि कॉर्नवॉल, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड अशी कुठकुठली माणसं इथं पोट भरायला आली. आठवडाभर जमिनीखाली खपणारी ही माणसं सुट्टीच्या दिवशी टेकडीवरून उड्या मारायची. पायांना माणसाहून लांब लाकडी फळ्या, म्हणजे स्कीज, बांधायच्या, उतारावर वेग घ्यायचा, टोकावरून हवेत झेप घ्यायची आणि खाली बर्फावर दोन्ही पायांवर उतरायचं. 1887 मध्ये इथल्या नॉर्वेजियन मंडळींनी स्की क्लब काढला. 21 फेब्रुवारी 1905 रोजी अमेरिकेची राष्ट्रीय स्की संघटना याच गावात स्थापन झाली आणि कार्ल टेलेफसन तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यामुळे देशाचं स्की 'हॉल ऑफ फेम', म्हणजे नामवंतांचं संग्रहालय, न्यूयॉर्क-शिकागोत न होता 1954 साली या खाणगावात उघडलं.

हे संग्रहालय बघण्यासारखं आहेच. पण मला जास्त सांगायचंय ते या भागातल्या गावोगावच्या इतिहास मंडळांबद्दल. जुनी शाळा, बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, कुणीतरी दान दिलेलं घर अशा जागी ही मंडळं चालतात. वर्गणी थोडीशी, काम करणारे बहुतेक निवृत्त. शिक्षिका, नर्स, खाणीत आयुष्य काढलेले आजोबा. हिवाळ्यात मी सुट्टीच्या दिवशी अशाच एका मंडळात फोटोंच्या नोंदी करायला जाते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायची सवय हाताला आहे, ती इथं कामी येते.

मोठ्या संग्रहालयात पदकं जातात. न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिडला 1932 आणि 1980 अशी दोन हिवाळी ऑलिंपिक झाली, त्यांच्या वस्तू तिथं मांडून ठेवल्यात. नॉर्वेत ऑस्लोच्या होल्मेनकोलेन टेकडीवरचं स्की संग्रहालय तर 1923 पासून उभं आहे. पण स्पर्धेत जो चौदावा आला, त्याचा लोकरीचा स्वेटर कुठं जायचा? तो गावच्या मंडळात येतो. छातीवर बांधायचा क्रमांकाचा कापडी पट्टा, चामड्याचे बूट, किल्लीनं आवळून साध्या बुटाला लावायच्या स्केट्स, तुटलेली हॉकी स्टिक, स्पर्धेच्या कार्यक्रमाची घडी पडलेली पत्रिका, प्रेक्षकांनी कोटाला लावलेले बिल्ले, सगळं इथं येतं. जुन्या उडीच्या स्कीज उलट्या करून बघितल्या की तळाला तीन लांब खाचा दिसतात. सरळ रेषेत जाता यावं म्हणून त्या कोरलेल्या असतात. लाकडाला डांबराचा वास अजून येतो, कारण तळाला पाइनचं डांबर आणि मेण चोळायची पद्धत होती. पहिल्यांदा तो वास घेतला तेव्हा मला कुलूप काढून आत शिरतानाच्या आमच्या बेळगावच्या तालमीची आठवण झाली. तिथं तेलाचा, हळदीचा आणि लाल मातीचा वास असतो.

इश्पेमिंग आणि निगॉनीच्या मध्ये 'सुइसाइड हिल' नावाची उडीची टेकडी आहे. पहिली स्पर्धा 1926 ची. हे भयंकर नाव एका बातमीदारानं दिलं आणि चिकटलं. याच गावात फिनिश वंशाचे बिएटिला नावाचे सहा भाऊ होते, सहाही उडीपटू. त्यातला वॉल्टर 1936 आणि 1948 च्या हिवाळी ऑलिंपिकला गेला, तर पॉल 1939 मध्ये उडीतल्या अपघातानंतर वारला. पदक नाही, पण इथल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला सहाही भावांची नावं ओळीनं पाठ आहेत. आपल्याकडे जुन्या मल्लांची नावं आणि त्यांचे डाव जसे सांगितले जातात, अगदी तसं.

आता वस्तू आल्यावर काय करतात ते सविस्तर सांगते, कारण मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. कुणी स्कीज घेऊन आलं की आधी त्यांना बसवतात, कॉफी देतात आणि विचारतात: ह्या कुणाच्या? कुठल्या टेकडीवर वापरल्या? कुणी बनवल्या? हा ओरखडा कशाचा? उत्तरं सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घेतात. मग देणगीपत्रावर सही होते. वस्तू कायमची दिली, हे कागदावर यायलाच हवं. 'ठेवा तुमच्याकडे, पुढं बघू' असं म्हणून दिलेली वस्तू घेत नाहीत, कारण वीस वर्षांनी नातवंडं येतात आणि वाद होतो. मग क्रमांक पडतो: आधी वर्ष, मग त्या वर्षातला कितवा देणगीदार, मग त्याची कितवी वस्तू. लाकडावर थेट शाई लावत नाहीत. आधी पारदर्शक लेपाचा छोटा पट्टा, त्यावर क्रमांक, वर पुन्हा लेप. उद्या काढायचा झाला तर निघतो आणि लाकडाला काही होत नाही. फोटोच्या मागं फक्त मऊ पेन्सिल, तीही हलक्या हातानं. बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढं चेहऱ्यावर वळ उठतो. लोकरीचे स्वेटर प्लॅस्टिकमध्ये बांधून काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवतात, म्हणजे कसर मरते. चामड्याला तेल चोळत नाहीत, आपल्याला कितीही हात शिवशिवला तरी. आणि जुनं लाकूड हीटरजवळ कधीच ठेवत नाहीत. इथं हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते की फळ्या तडकतात.

एकदा असंच काम चाललं होतं. समोर बसलेल्या बाई ऐंशीच्या पुढच्या, आजी-आजोबा फिनलंडहून आलेले. त्यांनी विचारलं, "तुमच्या गावातून कुणी ऑलिंपिकला गेलं का?" मी म्हटलं, हो, 1920 साली, अँटवर्पला, मॅरेथॉन पळायला. त्या एकदम ताठ झाल्या. "अँटवर्प? ती तर कोलेहमाइनेननं जिंकली!"

हानेस कोलेहमाइनेन हे फिनिश माणसाचं दैवत. ऑलिंपिकच्या इतिहासातली ती सगळ्यात लांब मॅरेथॉन, 42.75 किलोमीटरची. कोलेहमाइनेननं ती 2 तास 32 मिनिटांत संपवली. आणि त्याच रस्त्यावर, त्याच्यामागून अठरा मिनिटांनी, 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावा आला तो आपल्या बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले. दोराबजी टाटांनी पुढाकार घेऊन पाठवलेल्या मोजक्या खेळाडूंच्या संघात तो होता. शिंदे आणि नवले हे दोन मल्लही त्याच संघात. बाईंनी हे सगळं कागदावर उतरवून घेतलं, नावाचे उच्चार दोनदा म्हणायला लावले आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "मग तुमच्या गावात त्याचं काय काय जपलंय?"

त्या रात्री मी बेळगावातल्या शहापूरला मामांना फोन लावला. मामा तरुणपणी मैदानं मारलेले. अजूनही पहाटे तालमीत जाऊन पोरांचे जोर मोजतात. मी विचारलं, मामा, आपल्या तालमीत जुनं काय काय आहे? ते म्हणाले, "काय असणार गं? गदा हाईत, करेला हाय, मुद्गल हाय, भिंतीवर फोटो हाईत. एवढं जपून काय करायचं सांग की!" पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी भाच्याकरवी मोबाइलवर फोटो पाठवले. वस्तादांचा फेटा बांधलेला फोटो, कोपऱ्यात बुरशीचा पांढरा डाग. चांदीचा पत्रा चढवलेली गदा, काळी पडलेली, खाली कोरलेलं नाव निम्मं झिजलेलं. कुस्ती मैदानाचं एक जुनं पत्रक, जोड्यांची नावं आणि इनामं छापलेलं, घडीवर फाटलेलं. एका फोटोच्या मागं मराठीत नावं आणि खाली दुसऱ्या कुणीतरी कानडीत गावांची नावं. तालमीत दोन्ही भाषांची पोरं एकाच मातीत लोळायची. तो फोटो वाचायला दोन्ही लिप्या येणारा माणूस हवा, आणि असे लोक बेळगावात घरोघरी आहेत. इथल्या मंडळांना जुने फिनिश कागद वाचणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

आपला शत्रू मात्र इथल्यापेक्षा अगदी उलटा आहे. इथं कोरडी हवा, आपल्याकडे जून ते सप्टेंबरची ओल. खानापूरच्या बाजूला तर भिंतींनाही पाझर फुटतो. म्हणून मामांना मी इथल्या युक्त्या जशाच्या तशा सांगितल्या नाहीत. फोटो भिंतीला चिकटवून टांगू नका, मागं बुचाचे तुकडे लावून हवेला जागा सोडा. ट्रंक जमिनीवर ठेवू नका, विटांवर ठेवा आणि दर महिन्याला वाळवी बघा. कागद वर्तमानपत्रात गुंडाळू नका, ते स्वतः पिवळं पडतं आणि आतल्यालाही पिवळं करतं. स्वच्छ धुतलेलं जुनं सुती धोतर चांगलं. लोकरीच्या कपड्यांत, आई ठेवते तसं, वेखंड ठेवा, पण कापडाच्या पुरचुंडीत, थेट नको. चांदीची गदा दसऱ्याला चिंचेनं लख्ख घासायची आपली पद्धत आहे. मी मामांना हात जोडून सांगितलं, नको. प्रत्येक घासण्यात कोरीव अक्षरं थोडी थोडी जातात. मऊ कोरडं फडकं पुरे. यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. दसऱ्याला गदा न घासणं त्यांना पटणं अवघड आहे, मला कळतं. शेवटी ठरलं ते असं: पूजेला नवी गदा घासायची, जुनीला नुसतं हळदकुंकू, तेही दांड्याला.

वही मात्र त्यांनी लगेच केली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर वस्तादांचा फोटो: कुणी काढला, कुठल्या मैदानाआधी, मागं उभी असलेली पोरं कोण कोण. दोन चेहरे कुणालाच ओळखू येईनात, तर मामा तो फोटो घेऊन अनगोळला आपल्या जुन्या जोडीदाराच्या घरी गेले. जोडीदार आता अंथरुणाला खिळलेले. त्यांनी दोन्ही नावं सांगितली, आणि त्यातल्या एकाला आनंदवाडीच्या आखाड्यात कुणी ढाक हा डाव कसा लावला तेही सांगितलं. भाच्यानं ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. इथल्या मंडळातल्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, रेकॉर्डिंगची दुसरी प्रत कुठं ठेवली? म्हणून आता एक प्रत माझ्याकडेही आहे.

बेळगाव, शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडे हे वाचणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. फडेप्पा चौगुल्यांबद्दलचं कात्रण, फोटो, पत्र, त्यांना पळताना बघितलेल्या कुणाची घरात सांगितली गेलेली गोष्ट, असं काही असेल तर आधी ते लिहून काढा. टोकियोत 1964 साली सुवर्णपदक जिंकलेल्या हॉकी संघातले आपले बंडू पाटील, त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्याविरुद्ध खेळलेली माणसं तर अजून भेटू शकतात. आणि ज्यांची नावं कुठंच छापून आली नाहीत त्या मल्लांची, खो-खोच्या पोरींची, मल्लखांबाच्या पोरांची बक्षिसं माळ्यावर असतील, तीही खाली काढा. वस्तू कुणाला देऊ नये असं वाटलं तर देऊ नका, घरातच राहू दे. फक्त ती कुणाची, कधीची आणि कशी मिळाली हे एका कागदावर लिहून तिच्याजवळ ठेवा, आणि कागदाचा, वस्तूचा फोटो दोन वेगळ्या घरांत राहील असं बघा. फोटोचा फोटो काढाल तेव्हा मागची बाजूही काढा.