बांधावरचं राज्य

कुणाचं कुणाशी वाकडं आहे हे आमच्या भागात चावडीवर विचारावं लागत नाही, बांधावरून चालत गेलं की कळतं. नांगरट करताना शेजाऱ्याचा बांध चार बोटं कोरायचा, पुढच्या साली त्यानं तिकडून पाच बोटं कोरायचा, आणि बांध पाऊलभर उरला की दोघांनी मोजणीचे पैसे भरायचे. भावकीत लग्नपत्रिका न देण्यामागं निम्म्या वेळा बांधच असतो.

अशा मुलखात, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात दहिवडीच्या पुढं, आम्ही चार घरांनी एकत्र जमीन कसायला घेतली आणि आतले सगळे बांध मोडले. शेजारचे आबा बघायला आले, तंबाखू मळत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, बांध मोडलं ते बेस. पर मंग भांडायचं कशावरनं?"

थट्टा नव्हती ती. खरंच काळजी होती.

नवे बांध घातले, पण सातबाऱ्याला विचारून नाही, उताराला विचारून. त्यासाठी कुणी इंजिनिअर लागत नाही. सारख्या लांबीचे दोन बांबू शेंड्याशी बांधायचे, मधे आडवी काठी, शेंड्यावरून दोरीनं एक दगड सोडायचा. आडव्या काठीवरच्या खुणेशी दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीवर. मग एक पाय जागच्या जागी ठेवून दुसरा फिरवायचा, फक्की टाकायची, पुढं सरकायचं. दगड डुलायचा थांबेपर्यंत मात्र उभं राहावं लागतं, आणि माणच्या वाऱ्यात तो लवकर थांबत नाही. फक्कीची रेघ शेवटी अशी काही वळणं घेते की सरळ नांगरणाऱ्याला बघवत नाही. त्या रेघेवर समतल चर खणला आणि माती खालच्या अंगाला टाकली. तोच बांध.

याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्याकडे पाचशेच्या आसपास. तोही एखाद्या दुपारी धो धो येऊन मुरूम धुऊन नेणारा. त्याला चरात अडवून मुरवायचं, एवढाच आमचा सगळा मोठेपणा.

१९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाच्या रीतीनं चालणाऱ्या टिकाऊ शेतीची मांडणी केली. त्यातलं एक तत्त्व मला भारी पटतं: काठ वाया घालवू नका, दोन गोष्टी भेटतात तिथंच जास्त काही उगवतं. आमच्या बांधाकडं बघून तर पटतंच. चराच्या ओलीवर हादगा, शेवगा, मधे तूर, खाली मारवेल, गिरिपुष्पाचा पाला कापून वाफ्यांवर आच्छादनाला. शेतात शाळू मान टाकून उभा असतो तेव्हा बांध मात्र भाजी देत असतो. हादग्याची फुलं पीठ पेरून केली की चार घरांत कुणाचं काही म्हणणं उरत नाही.

एरवी म्हणणं असतंच. आबांना आम्ही निराश केलेलं नाही. जीवामृताचं, म्हणजे जमिनीला घालायच्या आंबवलेल्या खताच्या पाण्याचं पिंप घ्या. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, एवढं सगळ्यांना तोंडपाठ आहे. ते सकाळ-संध्याकाळ ढवळायचं असतं, हेही पाठ आहे. पाळी कुणाची, हे मात्र कुणालाच आठवत नाही. शिवाय त्यात बेसन कुणाच्या डब्यातलं गेलं, यावर एक अख्खी बैठक झालेली आहे. सामूहिक शेतीचं सगळ्यात अवघड काम खड्डे खणणं नव्हे, घमेलं धुऊन जागेवर ठेवणं हे आहे, असं माझं ठाम मत. जमिनीला आम्ही पुष्कळ सुधारलं. घमेल्याच्या बाबतीत प्रगती नाही.

आबांनी हे सगळं बघून बघून आमच्याकडून हादग्याचं बी नेलं आणि आपल्या बांधावर लावलं. झाडं भराभर वाढली. पलीकडचं रान त्यांच्या चुलतभावाचं. झाडाची सावली माझ्या शाळूवर पडते म्हणून त्यानं कटकट सुरू केली. परवा आबा न्याय मागायला आमच्या पिंपाशी येऊन बसले.

"आबा, फांद्या छाटा की त्या अंगाच्या."

"छाटतो. आत्ता छाटतो," आबा म्हणाले, "पर पयलं त्याच्या बायकूला फुलं तोडायची बंद करू दे."