टोंगाटापू: दोन वर्षांसाठी आलेली मुले

दक्षिण पॅसिफिकमधल्या टोंगा राज्याचे सर्वांत मोठे बेट असलेले टोंगाटापू मोटारीने एका दिवसात सहज पालथे घालता येते. त्या फेरीत, जवळजवळ प्रत्येक गावात, एकाच घडणीची फिकट रंगाची प्रार्थनामंदिरे दिसत राहतात. त्यांना निमुळता मनोरा असतो पण क्रूस नसतो, आणि आवारात बहुधा बास्केटबॉलचे मैदान असते. ही चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या पंथाची, म्हणजे मॉर्मनांची मंदिरे. जेमतेम एक लाख वस्तीच्या या देशात जनगणनेनुसार जवळजवळ पाचवा हिस्सा लोक मॉर्मन आहेत. बेटाच्या पश्चिम टोकाकडील एका गावात आम्ही ज्या कुटुंबाकडे उतरलो होतो, ते याच पंथाचे होते. त्यामुळे मॉर्मन मिशनऱ्यांचे आयुष्य मला त्या घरच्या स्वयंपाकघरात बसून पाहता आले.

संध्याकाळी दोन तरुण दारात उभे राहिले. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी, कमरेला गुंडाळलेले तुपेनू म्हणजे लुंगीसारखे वस्त्र, त्यावर ताओवाला म्हणजे विणलेली चटई, आणि पायांत साध्या चपला. टोंगात ताओवाला नेसल्याखेरीज आदराच्या जागी जायचे नसते, आणि सॉल्ट लेक सिटीहून चालणाऱ्या या शिस्तप्रिय संस्थेने आपल्या मिशनऱ्यांसाठी हा स्थानिक पोशाख स्वीकारला आहे, ही गोष्ट मला फार आवडली. दोघांपैकी एक टोंगाच्याच व्हावाऊ बेटावरचा होता. दुसरा अमेरिकेतल्या युटा राज्यात टोंगन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला, एकोणीस वर्षांचा. त्याला आजीआजोबांची भाषा कानाने ओळखीची होती, पण बोलता येत नव्हती. कुठे जायचे हे मिशनऱ्याला निवडता येत नाही. अर्ज केल्यावर मुख्यालयाकडून पत्र येते आणि त्यात देशाचे नाव असते. त्याच्या पत्रात टोंगा निघाले तेव्हा त्याची आई कितीतरी वेळ रडत होती, असे त्याने सांगितले.

मुलांसाठी ही सेवा दोन वर्षांची आणि मुलींसाठी दीड वर्षाची असते. २०१२ साली मुलांसाठीची किमान वयोमर्यादा १९ वरून १८ वर आणल्यापासून बरीच मुले शाळा संपताच घराबाहेर पडतात. पगार नसतो, उलट खर्च स्वतः किंवा कुटुंबाने करायचा, आणि अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी ही रक्कम २०२० पासून दरमहा ५०० डॉलर ठरलेली आहे. मग मुलगा महागड्या शहरात असो की टोंगातल्या खेड्यात, रक्कम तीच. सकाळी साडेसहाच्या सुमारास उठणे, व्यायाम, धर्मग्रंथाचे आणि भाषेचे वाचन, मग दिवसभर घरोघरी भेटी आणि रात्री साडेदहाला दिवे बंद. चित्रपट नाही, मुलींशी मैत्री नाही, चहा-कॉफी तर पंथातच वर्ज्य. पोहण्याचीही मनाई आहे. गावाच्या टोकाला पोवळ्यांच्या बांधाआडचे स्वच्छ, संथ पाणी आहे, गावची पोरे दिवसभर त्यात डुंबतात, आणि ही मुले रोज त्याच्या काठाने चालत जातात.

या सर्व नियमांत मला सर्वांत कठीण वाटला तो जोडीचा नियम. मिशनऱ्याने एकटे राहायचे नाही. वरिष्ठांनी ठरवून दिलेल्या जोडीदाराच्या नजरेच्या टप्प्यातच उठायचे, बसायचे, चालायचे, झोपायचे. जोडीदार आवडो वा न आवडो, त्याच्याशी जमवून घ्यायचे, कारण बदलीचा निर्णय साधारण दर सहा आठवड्यांनी होतो आणि तोही वरूनच. युटाच्या मुलाला पहिल्या जोडीदाराशी काही केल्या जुळवता आले नव्हते. भांडण मिटवल्याशिवाय कोणाच्याही दारात जाऊन प्रेमाची शिकवण कशी देणार, हा प्रश्न रोज सकाळी समोर असायचा, असे तो अगदी साधेपणाने म्हणाला. धर्मप्रसाराविषयी माझ्या मनात किंतु होता आणि तो पुरता गेला असे म्हणता येणार नाही, पण एकोणिसाव्या वर्षी रोज सकाळी हा प्रश्न स्वतःला विचारणाऱ्या मुलाबद्दल आदरच वाटतो.

त्यांचे जेवण गावाकडे असते. प्रार्थनामंदिरात एक वही फिरते आणि कुटुंबे आपापला दिवस लिहून ठेवतात. आपल्याकडे पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तशीच ही पद्धत आहे. आमच्या यजमानीणबाईंचा वार मंगळवार. दुपारपासून त्या अळूची पाने निवडत होत्या. तळहातावर चार-पाच पाने एकावर एक पसरायची, मधोमध मटणाचे तुकडे आणि कांदा ठेवायचा, वरून घट्ट नारळाचे दूध ओतायचे आणि दूध सांडण्याआधी चपळाईने पानांची पुरचुंडी करून ती केळीच्या पानात बांधायची. अशा पुरचुंड्या तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात, म्हणजे उमूमध्ये, रताळी आणि टॅपिओका यांच्याबरोबर पुरून शिजवतात. या पदार्थाला लू म्हणतात. टोंगन रीतीप्रमाणे पाहुणे आधी जेवतात आणि घरची मुले नंतर. त्या दोघांनी आपापल्या ताटात जाणीवपूर्वक थोडे शिल्लक ठेवले, कारण स्वयंपाकघराच्या दारातून सहा डोळे त्यांच्याकडे पाहत होते. जेवणानंतर चहाऐवजी संत्र्याच्या पानांचा गरम काढा मिळाला, आणि मला तो चहाइतकाच भावला.

मग शेजारच्या वेस्लियन कुटुंबातले आजोबा आले. टोंगात वेस्लियन हा प्रोटेस्टंट पंथ सर्वांत मोठा, राजघराणेही त्याच पंथाचे. मुलांनी ग्रंथ उघडला, आजोबांनी ऐकून घेतले, आणि स्वतःच्या बायबलातले वचन काढून उलट त्यांनाच समजावले. आवाज चढला नाही. युटाचा मुलगा शब्द अडला की व्हावाऊच्या मुलाकडे पाही आणि आजोबा त्याचे उच्चार दुरुस्त करीत. पंथ बदलण्याचा त्यांचा मुळीच विचार नव्हता, पण पोराला भाषा आली पाहिजे, असे त्यांचे स्पष्ट मत होते.

हा शेजार नेहमीच इतका सोपा नव्हता. पॉलिनेशियात मॉर्मन मिशनरी पहिल्यांदा आले ते १८४४ साली, तुबुआई बेटावर. टोंगात ते १८९१ मध्ये पोहोचले, पण यश न मिळाल्याने १८९७ मध्ये काम बंद झाले आणि १९०७ साली व्हावाऊपासून पुन्हा सुरू झाले. हे सांगताना व्हावाऊच्या मुलाचा चेहरा अभिमानाने फुलला होता. १९२२ साली तर परदेशी मॉर्मनांना प्रवेश नाकारणारा कायदाच झाला. दोन वर्षांनी तो मागे घेतला गेला. पॉलिनेशियन लोक मॉर्मन ग्रंथातल्या प्राचीन लोकांचे वंशज आहेत, अशी अनेक मॉर्मनांची श्रद्धा आहे. पुरातत्त्व मात्र पश्चिमेकडून होड्यांनी आलेल्या प्राचीन लापिता लोकांकडे बोट दाखवते; त्यांची सुमारे २,८०० वर्षांपूर्वीची वस्ती याच बेटावर नुकुलेका येथे सापडली आहे. मला दुसरे म्हणणे पटते. यजमानीणबाईंना दोन्ही एकत्र मानण्यात काही अडचण वाटत नाही.

उपदेशाबरोबर काही वेळ अंगमेहनतीतही जातो, हे मला गुरुवारी कळले. तुपेनू बाजूला ठेवून दोघे जुन्या पँटमध्ये एका विधवेच्या शेतात तण काढत होते. १५ जानेवारी २०२२ रोजी हुंगा टोंगा ज्वालामुखीचा स्फोट होऊन आलेल्या त्सुनामीने हा पश्चिम किनारा धुऊन नेला, सगळीकडे राख पडली आणि समुद्राखालची केबल तुटल्याने देशाचा जगाशी संपर्क महिनाभराहून अधिक काळ विस्कळीत राहिला. त्या रात्री गावातल्या सर्व पंथांची माणसे उंचावरच्या प्रार्थनामंदिरात झोपली होती, असे यजमानीणबाई सांगतात. विधवेचे घर नंतर आतल्या बाजूला पुन्हा बांधले गेले, पण शेतावर माणूस नाही, म्हणून आठवड्यातली एक सकाळ मिशनऱ्यांची. आधीच्या जोडीने रताळ्याचे वेल लावले होते, ही जोडी निंदणी करत होती आणि काढणीला तिसरीच जोडी असणार होती.

आठवड्यातला एक दिवस तयारीचा असतो. कपडे धुणे, बाजार, केस कापणे आणि घरी फोन. २०१९ पर्यंत घरी फोन करायला वर्षातून फक्त दोनदा परवानगी होती, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला बोलता येते. युटाच्या मुलाने आईशी पूर्ण वेळ टोंगन भाषेत बोलायचा निश्चय केला होता आणि तो त्याने पाळला. तिकडून आजीही फोनवर आली आणि तिने आपल्या माहेरच्या गावाची चौकशी केली. ते गाव या बेटावरच होते, आणि दर रविवारी तिथे कोण कुठल्या बाकावर बसते हे नातवाला ठाऊक होते.

आम्ही निघण्याच्या सुमारास बदलीचा निरोप आला. युटाचा मुलगा एऊआ बेटावर जाणार होता, व्हावाऊचा मुलगा इथेच राहणार होता. यजमानीणबाईंनी जाणाऱ्यासाठी बोटीवर खायला उकडलेली रताळी बांधली, ताओवालाचा सुटलेला काठ दोऱ्याने पक्का केला आणि लगेच व्हावाऊच्या मुलाला विचारले, की नवा जोडीदार मासे खातो का, कारण मंगळवार तीन दिवसांवर आला होता.