मग जखमा का राहिल्या?

ईस्टर जवळ आला की शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी हटकून विचारतं, ‘सर, येशू मेला आणि पुन्हा जिवंत झाला, म्हणजे पुनर्जन्मच की! मग तुमच्यात आणि आमच्यात फरक तो काय?’ तेवढ्यात तासाची घंटा होते आणि उत्तर अर्धं राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सवडीने लिहितोय.

पुनर्जन्मात जुना देह सुटतो, नवा मिळतो. पुनरुत्थानात, म्हणजे येशूच्या मरणातून उठण्यात, तसं नाही. शुक्रवारी क्रुसावर मेला तोच येशू रविवारी उठला, त्याच देहानिशी. दारं लावून बसलेल्या शिष्यांना त्याने हात आणि कूस दाखवली, असं योहान त्याच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, लिहितो. खिळ्यांचे, भाल्याचे व्रण तसेच होते. देवाला ते पुसता आले नसते का? पण सोसलेलं सगळं घेऊनच तो उठला. दुसरा शुभवर्तमानकार लूक तर सांगतो की शिष्यांना भूत दिसल्यासारखं वाटलं, तेव्हा त्याने भाजलेल्या माशाचा तुकडा मागून त्यांच्यादेखत खाल्ला. मला हा माशाचा तुकडा फार मोलाचा वाटतो.

बरं, तो नुसता पूर्वीसारखा जगायला लागला, असंही नाही. येशूने ज्याला जिवंत केलं तो त्याचा मित्र लाजर चार दिवसांनी कबरेतून बाहेर आला, पण पुढे कधीतरी त्यालाही मरण आलंच असणार. येशू मात्र पुन्हा मरायचा नाही. कबरेशी आलेल्या त्याच्या शिष्येला, मग्दालीया मरीयेला, तो आधी माळी वाटला. नावाने हाक मारली तेव्हा ओळख पटली. तोच, तरी मरणापलीकडचा. सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने यासाठी दाण्याचा दाखला दिलाय. जतच्या रानात शाळू पेरणाऱ्याला तो समजावून सांगायला नको. मातीत जातो तो उघडा दाणा आणि वर येतं ते डुलणारं ताट, पण ते त्याच दाण्याचं.

हे घडलं कशावरून, असंही विचारता. गणितासारखं सिद्ध करून दाखवणं माझ्या हाती नाही. पण पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, पहिलं पत्र लिहिलं ते साधारण इ. स. ५५ च्या सुमारास, म्हणजे घटनेला पंचवीसेक वर्षं झाली होती. त्यात तो साक्षीदारच सांगतो: पेत्र, याकोब, एकाच वेळी पाचशेहून जास्त जण, आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, असंही वर लिहितो. रिकामी कबर पहिल्यांदा पाहिली बायकांनी, आणि त्या काळी बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचायची असती तर कुणी अशी रचली नसती. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फुकट, हेही पौलच बजावतो. म्हणून ‘शिकवण चांगली आहे, तेवढं पुरे’ म्हणून मला थांबता येत नाही.

डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं. माझी आई तिथेच नर्स होती. वॉर्डात कुणी वारलं की अंग पुसायला ती कोमट पाणी घ्यायची, हाताला लागतंय का बघून. ‘त्याला आता काय कळतंय?’ असं कुणी म्हणालं तर म्हणायची, ‘अंग त्याचंच हाय की.’ बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसायची. पुनरुत्थानावरची पुष्कळ प्रवचनं मी ऐकलीत, पण देवाला हा देह टाकाऊ वाटत नाही हे मला पटलं ते तिच्याकडे बघून.

याचा अर्थ आम्हाला मरणाचं दुःख नसतं, असा नाही. लाजरच्या कबरेशी येशू स्वतः रडला. आई गेली तेव्हा मीही खूप रडलो, आजही मधूनच भरून येतं. पण ती कशात तरी विरून गेली, असं मी मानत नाही. देव उठवील ती माझी आईच असेल, नावाने हाक मारता येईल अशी. म्हणून ईस्टरच्या पहाटे उपासनेआधी आम्ही दफनभूमीत जातो, कबरींवर फुलं घालतो आणि तिथेच उभं राहून मोठ्याने गातो. तुम्हीही या एखाद्या वर्षी.