एकच नळी

उरुग्वेला एकटी जाणार असल्याचे सांगितल्यावर सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत, पहिला प्रश्न आला तो "तिथे खाशील काय?" हा, तो देश नेमका कुठे आहे, हे त्यानंतर विचारले गेले. ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन धिप्पाड शेजाऱ्यांच्या बेचक्यात बसलेला हा देश आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा मोठा आहे. माणसे सुमारे ३५ लाख आणि गुरे त्यांच्या तिपटीहून अधिक. म्हणजे शाकाहारी बाईसाठी पहिला प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. आईने भडंगाचे दोन मोठे पुडे बॅगेत कोंबले आणि विषय संपवला.

ब्युनॉस आयर्सहून फेरीबोटीने ला प्लाता नदी ओलांडून मी कोलोनिया देल साक्रामेंतो या गावी उतरले. २०१९ चा कृष्णेचा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या पाण्याचा रंग समजावून सांगावा लागणार नाही. फरक एवढाच, की तिथे ते पाणी बाराही महिने तसेच असते आणि त्याचे कोणाला भय वाटत नाही. पोर्तुगीजांनी १६८० मध्ये वसवलेल्या या गावातले दगडी रस्ते अर्ध्या दिवसात पाहून होतात. खरे पाहण्यासारखे होते ते तिथल्या माणसांच्या काखेत. तरुण, म्हातारे, पोलीस, मूल कडेवर घेतलेली आई, ज्याच्या त्याच्या काखेत थर्मास आणि हातात दुधीभोपळ्यासारख्या फळाचे वाळवून कोरलेले भांडे. त्या भांड्यात 'येर्बा माते' या झाडाच्या पानांचा चुरा भरलेला असतो आणि त्यात एक धातूची नळी खोचलेली असते. (तिकडच्या उच्चारात येर्बाचे 'शेर्बा' होते, माझ्या पाठ केलेल्या स्पॅनिशची पहिली विकेट तिथेच पडली.) उकळी येण्यापूर्वीच उतरवलेले पाणी थोडे थोडे ओतायचे आणि प्यायचे, या पेयालाही 'माते'च म्हणतात. चारजण बसले असतील तरी भांडे एक आणि नळीही एकच.

इथे माझी पंचाईत झाली. ज्या घरात उष्ट्या हाताने वाढले तर आजी ताट बाजूला सारत असे, त्या घरातून मी आले होते. राजधानी मॉन्टेव्हिडिओत ला प्लाताच्या काठच्या ऱ्हांब्लावर, म्हणजे वीस किलोमीटरहून लांब अशा त्या फिरण्याच्या रस्त्यावर, संध्याकाळी कठड्यावर बसले असताना शेजारच्या विद्यार्थिनीने सहज भांडे पुढे केले, तेव्हा मी पोटाचे निमित्त सांगून नाही म्हटले. तिला वाईट वाटले नसावे, पण एकटीने प्रवास करताना जे हवेसे वाटते तेच आपण परतवले, हे मला खोलीवर गेल्यावर उमगले.

खाण्याचे म्हणाल तर उपाशी राहिले नाही. पिझ्झाच्या दुकानात 'फाइना' मिळतो. हरभऱ्याचे पीठ, तेल, मीठ आणि पाणी एवढ्यावर भट्टीत भाजलेली जाड पोळी. मिरची-कोथिंबीर घातली असती तर ते आपले धिरडेच. तिथले लोक ती पिझ्झाच्या तुकड्यावर ठेवून खातात, मी भडंगाबरोबर खाल्ली.

मग काबो पोलोनियोला गेले. या वस्तीपर्यंत रस्ता नाही. बस महामार्गावर सोडते आणि पुढचे सात-आठ किलोमीटर उंच चाकांचा ट्रक वाळूच्या टेकड्यांतून हेलकावे देत नेतो. घरांना विजेच्या तारा नाहीत. खडकांवर समुद्रसिंह ओरडत असतात आणि रात्री १८८१ सालच्या दीपगृहाचा झोत फिरत राहतो, एवढीच काय ती वर्दळ. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. पाऊस आला की तिथे घरोघरी 'तोर्ता फ्रिता' तळतात, आपल्याकडे भजी तळतात तसे. माझ्या मुक्कामाच्या घरच्या आजीबाईंनीही कणीक मळायला घेतली आणि मेणबत्तीभोवती आम्ही पाचजण बसलो.

आपल्याकडे पहिला मान पाहुण्याचा. तिथे 'माते'चे पहिले भांडे वाढणाऱ्यानेच प्यायचे, कारण ते सर्वांत कडू असते, आणि ते पाहुण्याच्या माथी मारणे वाईट दिसते. त्यामुळे माझी पाळी दुसरी आली. नळी ओठाला लावताना आजी आठवली. चव कारल्याची नव्हे, कडुनिंबाचीही नव्हे. वाळलेले गवत आणि धूर यांच्या मधली काहीतरी. तळाशी सुर्र आवाज येईपर्यंत प्याले, भांडे परत केले आणि शिष्टाचार म्हणून 'ग्रासियास' म्हटले. पुढच्या फेरीत भांडे माझ्यासमोरून पलीकडे गेले. त्याच्या पुढच्या फेरीतही. परकी म्हणून वगळले असेल, अशी मी मनाची समजूत घालत असताना आजीबाईंच्या नातीला हसू आवरेना: 'माते' पिण्याच्या बैठकीत 'ग्रासियास' (आभार) म्हणजे 'बास, आता मला नको'. हवे असेल तोवर आभार मानायचेच नाहीत! मग मी गप्प राहायला शिकले आणि पाऊस थांबेपर्यंत मला कोणी वगळले नाही.

येताना एक भांडे आणि नळी घेऊन आले. आईला सगळी हकीकत सांगितली, ती शांतपणे ऐकून म्हणाली, "पाचजणांनी? तीच नळी?" ते भांडे आता आमच्या फडताळात सर्वांत वरच्या खणात, बाकीच्या भांड्यांपासून दीड हात दूर ठेवलेले आहे. मात्र मी पीत बसले, की ती जवळ येऊन वास घेते.