आमची वाटचाल : टाकाऊ सोपं, टिकाऊ अवघड

मी आणि माझी नणंद टाकाऊ वस्तूंचे दागिने करतो. पहिले मणी आम्ही केले ते जुन्या मासिकांच्या मुखपृष्ठांचे. नणंद पट्ट्या कापायची, मी टूथपिकवर गुंडाळायची. पट्टी लांबट त्रिकोणी हवी. रुंद टोक दोन सेंटिमीटरचं, दुसरं टोक सुईसारखं. रुंद बाजूने गुंडाळत आणलं की मणी पोटाशी फुगीर आणि कडांना निमुळता होतो. पट्टी लांब घेतली की पोट सुटतं. शास्त्र म्हणाल तर एवढंच. महिनाभरात बरणी भरली, माळा ओवल्या, ओळखीत दिल्या. दोघीतिघींनी "विकता का?" असं विचारलं आणि आम्ही लगेच "हो" म्हणून बसलो.

घाई झाली. पहिल्याच खेपेतली एक माळ परत आली, सोबत कॉलरला निळा डाग पडलेला पांढरा कुर्ता. त्या माळेत आम्ही हौसेने वर्तमानपत्राचे मणी घातले होते. वर्तमानपत्राची शाई बोटालासुद्धा लागते, मग घामाने मानेला लागणारच. हे आमच्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. दुसऱ्या एका माळेचे मणी भोकाच्या बाजूने ओल शिरून उलगडले होते. वरून व्हार्निश चकचकीत, पण भोकाच्या कडा कोरड्याच राहिलेल्या.

शाळेत हस्तकलेच्या तासाला "टाकाऊतून टिकाऊ" करायचो, ते प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत टिकलं तरी पुरायचं. गळ्यात घालायच्या वस्तूला ते चालत नाही. आता गुंडाळताना पट्टीला शेवटपर्यंत गोंद, मग पूर्ण दिवस वाळवण, मग व्हार्निशचे तीन पातळ हात आणि दोन्ही भोकांच्या तोंडाशी वेगळा थेंब. प्रत्येक नव्या कागदाचे दोन मणी ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवतो. सकाळी फडकं पांढरंच असलं, तरच तो कागद कामाला घेतो. तरी पाकिटावर लिहितोच, की माळ घालून आंघोळ करू नका.

मग पेयांच्या डब्यांकडे वळलो. त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास, साध्या कात्रीने कापला जातो, म्हणून सोपा वाटला. कापलेली कड मात्र ब्लेडसारखी असते. बोटं कापून घेतल्यावर सुचलं, की पत्र्याचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून चिकटवायचे, कड आत दुमडायची आणि मगच कानस फिरवायची. डब्याच्या आतल्या अंगाला पातळ प्लास्टिकसारखा लेप असतो. ज्योतीवर धरून पत्र्याला रंग आणायचा प्रयोग त्या लेपाच्या वासाने पाच मिनिटांत गुंडाळला.

पाण्याच्या बाटलीने जास्त शिकवलं. पाकळ्या कापून गरम हवा दिली की त्या सुंदर वळतात, पण बाटलीच्या गळ्यापासून कापलेला तुकडा तसाच ढिम्म. आधी वाटलं हवाच कमी पडते. मग कळलं, की बाटली फुगवताना मधलं प्लास्टिक ताणलं जातं आणि गरम झालं की ते मागे यायला बघतं. गळा ताणलेलाच नसतो, तर तो कशाला आक्रसेल? तेव्हापासून पाकळ्या फक्त मधल्या भागाच्या. खिडकी उघडी, आणि ज्योत अजिबात नाही.

प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात ६ आकडा असतो, ते पारदर्शक प्लास्टिक तर आक्रसून निम्म्याहूनही लहान आणि चांगलं जाड होतं. भोक तापवण्याआधीच पाडावं लागतं. आणि त्याच्या एकाच तुकड्यातून कापलेल्या दोन पानांपैकी एक कधीकधी लांबट निघतं. कानातल्यांच्या धंद्यात हे फार त्रासाचं.

सगळ्यात मोठा धडा मात्र आम्ही विकत आणलेल्या वस्तूने दिला. कानात अडकवायचे स्वस्तातले आकडे (हुक) घेतले आणि एका ताईंचे कान सुजले. कारण त्यातलं निकेल, काहींच्या त्वचेला न सोसणारा धातू. कान टोचून घालायच्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटू नये, अशी मर्यादा युरोपीय संघाने घातलेली आहे. ती इतकी कडक का, हे त्या ताईंचे कान पाहून समजलं. आता आकडे टायटॅनियम किंवा नायोबियम या धातूंचे, नवे आणि महाग. कानाच्या भोकातून जाणारी वस्तू भंगारातली घ्यायची नाही. जुन्या वायरमधली तांब्याची तार कड्यांपुरती वापरतो, तीही वरचं प्लास्टिक ब्लेडने सोलून. जाळून काढलं तर विषारी धूर होतो.

नकार द्यायलाही शिकलो. एकांनी जुन्या सर्किट बोर्डांची पिशवी आणून दिली होती. हिरवे, सोनेरी रेघांचे, पाहताक्षणी पदकं दिसावीत असे. पण जुन्या बोर्डांवरच्या सोल्डरमध्ये, म्हणजे भाग जोडायच्या डाखात, साधारण ४० टक्के शिसं असतं. पिशवी जशीच्या तशी ई-कचरा संकलनात दिली. नणंद आठवडाभर हळहळत होती.

"कचऱ्याचे एवढे पैसे?" हा प्रश्न अजून येतो. टोकियो २०२० ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदकं जुने फोन आणि इतर उपकरणांतून काढलेल्या धातूची होती, असं मी पूर्वी सांगायचे. समोरच्या व्यक्तीला ते पटायचं, पण खरेदी व्हायची नाही. आता हिशेब सांगते. माळेत ६० मणी, एका मण्याला तीन मिनिटं, म्हणजे नुसतं गुंडाळायला तीन तास. कागद फुकट, तास नाही.

आणि कानातल्यांच्या जोडीतलं एक हरवलं की? मासिकाच्या एका पानावरचा तो विशिष्ट लाल दुसऱ्या पानावर मिळत नाही. "एकच पडलं हो" असे फोन येऊ लागल्यावर आम्ही प्रत्येक जोडीमागे तिसरा नग करायला लागलो. तो नंबर घालून काडेपेटीत जातो. कपाटाचा एक कप्पा आता काडेपेट्यांचाच आहे. काही जणी दोन वर्षांनीही नंबर सांगतात, काहींचा फोन कधीच येत नाही. परवा मी म्हटलं, जुन्या पेट्या रिकाम्या करून ते सुटे मणी एका माळेत ओवूया. नणंद म्हणाली, "वहिनी, एवढी घाई कशाला? येईल कुणीतरी विचारत."