मीच ती

दुपारी जेवणं उरकून आडवी होणार, तेवढ्यात आठवलं की एक कागद स्कॅन करून जुन्या मेलमध्ये ठेवलाय. लॉगिन केलं. पासवर्ड बरोबर. तरी पडद्यावर उमटलं, 'हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटत नाही.' कुणीतरी भलतीकडून आत शिरायला बघत होतं, म्हणून खातं बंद केलं होतं म्हणे.

ओटीपी जाणार जुन्या मोबाइल नंबरावर. तो मी केव्हाच सोडला. सोडलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देऊन टाकतात, तेव्हा कुणा बापड्याच्या फोनवर भरदुपारी माझे ओटीपी वाजत असणार. पर्यायी मेल पत्ता जुन्या नोकरीतला, तोही गेला. राहता राहिला सुरक्षाप्रश्न: तुमच्या आवडत्या शिक्षकांचं नाव काय?

आता हा काय प्रश्न झाला? शाळेत असताना जे आवडतात ते वेगळे, आणि शाळा सुटून वर्षं लोटल्यावर ज्यांच्याविषयी माया वाटू लागते ते वेगळे. ज्या सरांनी पट्टीने हात लाल केले, तेच आज मला सगळ्यांत जास्त आठवतात. पण खातं उघडलं त्या दिवशी कोण लाडकं होतं? आणि नुसतं आडनाव लिहिलं होतं, की पुढे 'बाई' जोडलं होतं? त्या प्रश्नाला खऱ्या उत्तराशी कर्तव्यच नाही. त्याला तेव्हाचं उत्तर हवं, तेव्हाच्याच स्पेलिंगात.

मी एकटीच विसराळू नाही, एवढं समाधान. गूगलच्या संशोधकांनी 2015 साली असल्या प्रश्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तर अमेरिकेतल्या इंग्रजी वापरणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांना गरजेच्या वेळी आपलंच उत्तर आठवेना. चोराचं मात्र तसं नसतं, तो अभ्यास करून येतो. 2008 साली सारा पेलिन अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवत होत्या. तेव्हा एका विद्यार्थ्याने त्यांचा याहूचा पासवर्ड बदलून दाखवला. जन्मतारीख, पिनकोड आणि नवरा पहिल्यांदा कुठे भेटला, एवढंच त्याला लागलं, आणि हे सगळं इंटरनेटवर उघड पडलेलं होतं. लग्नाची गोष्ट परक्याला पाठ! तेव्हापासून मी या प्रश्नांना मुद्दाम खोटी उत्तरं देते आणि ती वहीत लिहून ठेवते. हे खातं त्याच्याही आधीचं, त्यामुळे त्यातली उत्तरं दुर्दैवाने खरी.

लहानपणी दार लोटलेलं असलं की आजी आतून विचारायची, "कोण?" आम्ही सगळी भावंडं एकच उत्तर द्यायचो, "मी!" ती म्हणायची, "मी कोण?" "अगं, मीच!" की लगेच कडी निघायची. नाव कुणीच सांगत नव्हतं. नाव सांगायचं ते परक्यांनी. कधी कधी तर ती विचारायचीही नाही. दारावरच्या थापेवरून ओळखायची. धाकटा भाऊ दोन्ही हातांनी बडवायचा, मी पायानेच ढकलायचे आणि त्याबद्दल आत आल्यावर बोलणीही खायचे. एकदा भावाने माझ्यासारखं पायाने ढकलून पाहिलं. "हात मोडलेत का रे?" असं आतून आलं. 'रे'!

गंमत म्हणजे हल्लीची यंत्रंही आजीच्याच वाटेने चालली आहेत. खातं परत मिळवायचं तर म्हणतात, नेहमीच्याच मशीनवरून या, नेहमीच्याच जागेवरून, नेहमीच्याच वायफायवरून. जुना पासवर्ड नीट आठवत नसेल तर अंदाजे सांगा, पण रकाना कोरा सोडू नका. म्हणजे थाप ओळखायचाच प्रकार. माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला, चार्जर लावून ठेवावाच लागतो त्याला, आणि त्यावरून पुन्हा अर्ज केला. दार उघडलं.

आत गेल्यावर आधी सेटिंग्ज पाहिली. चोर शिरलेला असला तर जाताना एखादा फॉरवर्डिंगचा नियम लावून जातो. आपण पासवर्ड बदलून निर्धास्त होतो आणि आपली पत्रं त्याच्याकडे गुपचूप जात राहतात. तसं काही नव्हतं. कागद मिळाला. बाकी जाहिरातींचा ढीग.

त्याच झपाट्यात माझ्या रोजच्या, गूगलच्या खात्याचीही डागडुजी करायला बसले. त्यात 2013 पासून एक सोय आहे: खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला आतलं सगळं, किंवा त्यातलं हवं तेवढंच, उघडून मिळतं. वापर थांबण्याचं कारण फॉर्म विचारत नाही. मुलीचं नाव टाकायला घेतलं. ती सगळं नीट करील यात शंकाच नाही. पण त्या खात्यात माझी काही पत्रं आहेत, तिच्या जन्माआधीची, तिच्या वडिलांना न लिहिलेली. ती पुसावीत की राहू द्यावीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.