बागुलबुवा उभा कोण करतो?

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने शाळेचे ऋण मानायचे, तर मी मराठीच्या तासाचे मानीन. तिथे शब्द सुटा कधी शिकवला नाही. त्याचे क्रियापद कोणते आणि तो कुठे चालत नाही, हेही फळ्यावर यायचे. 'बागुलबुवा' हा शब्द हल्ली फार सैल वापरला जातो, म्हणून त्याच्याविषयी लिहितो.

बागूल म्हणजे पोरांना गप्प बसवायला मोठ्यांनी कल्पिलेला, कुणीही न पाहिलेला जीव. नुसता 'बागूल' लिहिताना 'गू' दीर्घ, कारण ते उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे अक्षर. पुढे 'बुवा' जोडला की ऱ्हस्व. 'बागुलाला' इथेही ऱ्हस्वच. (नाशिक-धुळ्याकडे बागूल हे आडनाव सर्रास आहे. त्यावरून वर्गात कुणाला चिडवणे वाईटच.)

खरी मेख क्रियापदात आहे. बागुलबुवा 'वाटत' नाही. तो कुणीतरी 'उभा करतो' किंवा 'दाखवतो'. दहावीच्या गणिताचीच तीन वाक्ये घ्या. 'पोराला गणिताची धास्ती आहे': भीती त्याची स्वतःची, आणि पेपर खरोखर यायचा आहे. 'घरच्यांनी गणिताचा बागुलबुवा उभा केला': भीती बाहेरून घातलेली. 'एक उदाहरण चुकले, त्याचा त्याने बाऊ केला': चूक खरी, पण नको तेवढी फुगवलेली.

बाऊ हा बाळबोलीतला शब्द. लेकराच्या गुडघ्याला खरचटले की आई 'बाऊ झाला का?' म्हणत फुंकर घालते. जखम एवढीशी, पण असते. म्हणून बाऊ करण्याच्या मुळाशी काहीतरी खरे असते, बागुलबुवाला तेवढाही आधार लागत नाही. बुजगावणे आणखी वेगळे. ज्वारीच्या शेतात मडक्याचे डोके आणि जुना सदरा घालून ते उभे असते, सगळ्यांना दिसते, फक्त त्याच्या हातात काही नसते. नावापुरत्या अधिकाऱ्याला बुजगावणे म्हणतात ते यामुळे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खऱ्या धोक्यालाच बागुलबुवा ठरवणे. आपल्याकडे कपाशीच्या हंगामात 'बोंडअळीचा बागुलबुवा करू नका' हे वाक्य पारावर हमखास ऐकू येते. ते बरोबर की चूक, हे मोजल्यावरच कळते. गुलाबी बोंडअळीच्या देखरेखीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे सापळे लावायचे आणि त्यांतले पतंग रोज सकाळी मोजायचे. एखाद्या सापळ्यात दोन-तीन पतंग पाहून फवारणीचा पंप पाठीवर घेणे, हा बाऊ. सलग तीन रात्री दर सापळ्यात 8 किंवा जास्त पतंग आले, तर नुकसानीची पातळी गाठली, तेव्हा बागुलबुवा हा शब्द तोंडातून निघताच कामा नये. आकडा फसवतो तोही इथेच: सापळ्यातली ल्युअर (गंधाची वडी) जुनी झाली की पतंग कमी येतात आणि शेत सुरक्षित वाटते. त्यात गुलाबी अळी लहान असतानाच बोंडात शिरते, मागचे छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. अशा वेळी दर आठवड्याला शेताच्या वेगवेगळ्या भागांतली वीसेक हिरवी बोंडे तोडून हाताने फोडून पाहावीत. अळी असेल तर आतच सापडते.